सोलापूरच्या काळ्या कातळात सोनं का नाही?

विहीर खणताना कातळात काही चमकलं, की आमच्या सोलापूर भागात अजूनही बघायला चार माणसं जमतात. चमकणारं असतं ते बहुतेक वेळा गारगोटी किंवा कॅल्साइट. तरीही 'इथं सोनं का नाही?' हा प्रश्न मला रास्त वाटतो. कारण सोलापूरपासून सरळ रेषेत दोनशे किलोमीटरच्या आत, रायचूर जिल्ह्यात, हट्टीची खाण आहे. कोलारची खाण २००१ मध्ये बंद झाल्यापासून देशातली सोन्याची मुख्य खाण हीच.

आपला कातळ म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर वाहत येऊन गोठलेला लाव्हा. सोनं त्यातही आहे, पण टनामागे जेमतेम काही मिलिग्रॅम. जमिनीखालची खाण परवडायची तर टनामागे काही ग्रॅम तरी हवं. म्हणजे निसर्गानं ते हजारपट गोळा करून ठेवलेलं असलं पाहिजे.

हट्टीला सोनं ज्या खडकात सापडतं, तोही मुळात लाव्हाच. त्याचं वय मात्र अडीचशे कोटी वर्षांहून जास्त. तो पुढे खोल गाडला गेला, तापला, दबला, त्याला घड्या पडल्या आणि काही पट्ट्यांत तो पार चिरडला गेला. या पट्ट्यांतून खालचं गरम, गंधकयुक्त पाणी वर चढलं. सोनं साध्या पाण्यात विरघळत नाही; गंधकाशी जोडी जमली की मात्र ते अशा गरम पाण्याबरोबर वाहत जातं. वाटेत खडकातल्या लोहानं गंधक ओढून घेतला, त्याचं पायराइट झालं, आणि आधार सुटलेलं सोनं तिथेच, गारगोटीच्या शिरांत आणि लगतच्या खडकात, बसलं. आपल्या लाव्हाला यातलं काहीच सोसावं लागलं नाही. त्याचे थर अजूनही जवळपास आडवेच आहेत.

सोन्याचा शोध म्हणजे हे चिरडलेले पट्टे हुडकणं. जुन्या लोकांनी ते आधीच हुडकले होते. हट्टीला सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची खोदकामं सापडली आहेत. खडक जाळ लावून तापवायचा आणि फोडायचा, अशी त्यांची रीत. जवळच्या मस्कीला अशोकाचं नाव असलेला शिलालेख १९१५ मध्ये सापडला, तोही सोन्याच्या खाणीतल्या बीडन नावाच्या इंजिनिअरला.

आजचे भूशास्त्रज्ञ ओढ्यातला गाळ आणि माती तपासतात, पण नुसत्या सोन्यासाठी नाही. सोन्याबरोबर बऱ्याचदा आर्सेनिक येतं आणि त्याचा माग काढणं सोपं असतं. मग चर खणतात, आणि शेवटी ड्रिलिंग. आपल्याकडचं बोअर मशीन खडकाचा भुगा करून वर फेकतं. इथे हिऱ्याचे कण बसवलेलं पोकळ बिट फिरतं आणि खडकाची अखंड कांडी बाहेर येते. तिच्यावर शिरेची जाडी, तिचा कल, पायराइटचे ठिपके सगळं दिसतं. सोनं बहुधा दिसत नाही.

ते कळतं भट्टीत. कांडीची पूड शिशाच्या भस्मात आणि टाकणखारात वितळवतात. तयार होणारं शिसं पुडीतलं सोनं-चांदी गोळा करून तळाशी बसतं. ते शिसं सच्छिद्र मुशीत तापवलं की मूस शिसं शोषून घेते आणि मागे टाचणीच्या डोक्यापेक्षाही लहान मणी उरतो. त्यातली चांदी नायट्रिक आम्लात विरघळवून उरलेलं सोनं तोलतात. सोनं खडकात सारखं पसरलेलं नसतं, एका नमुन्यात भरपूर तर हातभर अंतरावर शून्य. म्हणून एका घबाडी आकड्यावर गुंतवणूक मागणाऱ्यांपासून दूर राहावं. अनेक कांड्या लागतात, त्याही ओळीनं आणि ठरावीक अंतरावर.

आपल्या काळ्या दगडाखाली काय आहे, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त ओढतो. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला खोल भोक घेतलं, तेव्हा ३३८ मीटरवर लाव्हा संपला आणि खाली दक्षिणेकडच्यासारखाच अतिप्राचीन खडक लागला. सोलापूरच्या दक्षिणेला कर्नाटकात लाव्ह्याची ही चादर संपते आणि आपल्या घराघरांतल्या शहाबादी फरशीचा चुनखडक व त्यापलीकडे तो जुना खडक उघडा पडतो. त्यातले सोन्याचे पट्टे चादरीखाली उत्तरेकडे सरकत असतील, तर वरून ते ओळखायचे गुरुत्व आणि चुंबकीय मोजणीनं. पण आपला काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट, स्वतःच जड आणि चुंबकीय असतो, त्याच्या गोंगाटात खालचा क्षीण संकेत बुडून जातो. आणि संकेत मिळालाच, तरी पहिली कांडी हाती येण्याआधी शेकडो मीटर बेसाल्ट भेदण्याचा खर्च करावा लागेल.