शिक्का दिसला म्हणजे सही झाली?

वडोदऱ्यात, दांडिया बाजारातल्या आमच्या मंडळात एक समज बरीच वर्षं घट्ट बसला आहे: चिटणीसांच्या सहीचं चित्र पीडीएफवर डकवलं की झाली डिजिटल सही. तसं मुळीच नाही. कमांड लाइनवरून, म्हणजे आज्ञा टाइप करून, 'पीडीएफसीपीयू' या पीडीएफ हाताळणाऱ्या प्रोग्रॅमने शिक्का मारला, तर पानावर नुसतं चित्र चढतं. ते कुणीही उचलून दुसऱ्याच ठरावावर लावू शकतो, आणि मला धास्ती आहे ती याचीच.

खरी सही डोळ्यांना दिसलीच पाहिजे असंही नाही. 'पायहँको'सारखं सही करणारं साधन फाइलमधल्या बाइट्सचा हॅश, म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेला छोटा ठसा, काढतं, बहुधा एसएचए-256 या पद्धतीने. मग टोकनमधल्या (यूएसबीला लावायच्या छोट्या उपकरणातल्या) खाजगी किल्लीने, म्हणजे फक्त सही करणाऱ्याकडे असलेल्या गुप्त संकेताने, त्यावर सही होते आणि ती, सही कुणाची ते सांगणाऱ्या प्रमाणपत्रासह, फाइलमध्येच बसते. पुढे एक आकडा जरी कुणी बदलला, तरी हॅश जुळत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 नुसार प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेचं लागतं.

म्हणून आधी शिक्का, सही शेवटी. उलट केलं तर 'पीडीएफसीपीयू' फाइल नव्याने लिहितं आणि सही मोडते. तपासायला 'पीडीएफसिग' ही छोटी कमांड पुरते. छापील प्रतीवर मात्र ही सही तपासता येत नाही, तेव्हा मूळ फाइल जपून ठेवा.