नाशिकचे शंभर टक्के

नाशिकमध्ये मोबाइलवरचं हवामानाचं ॲप उघडलं की हवेचा दाब बहुधा १,००० हेक्टोपास्कलच्या वर दिसतो. इथल्या हवेचा खरा दाब एवढा कधीच नसतो. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचावर आहे, त्यामुळे तो ९४०च्या आसपास राहतो. गावोगावच्या दाबांची तुलना करता यावी म्हणून हवामान खात्यात प्रत्येक ठिकाणचा दाब समुद्रसपाटीच्या हिशोबात बदलून घेतात. पावसापाण्याच्या अंदाजासाठी ते योग्यच आहे. पण हाच आकडा गोदावरीतला प्राणवायू मोजणाऱ्या मीटरमध्ये भरला, तर नदी आहे त्याहून निरोगी दिसू लागते.

मासे श्वासावाटे घेतात तो प्राणवायू हवेतून आणि पाणवनस्पतींकडून पाण्यात विरघळलेला असतो. पाणी तो किती धरून ठेवील हे तापमानावर आणि हवेच्या दाबावर ठरतं. मुंबईत चौपाटीवर गोड्या पाण्याची बादली ठेवली, तर २५ अंश सेल्सिअसला त्यात लिटरमागे जास्तीत जास्त ८.२६ मिलिग्रॅम प्राणवायू मावेल. तीच बादली कसारा घाट चढवून रामकुंडावर आणली, तर जेमतेम ७.७. दोन्हीकडचं पाणी शंभर टक्के संपृक्तच, म्हणजे मावेल तेवढा प्राणवायू भरलेलं, पण नाशिकचे शंभर टक्के मुंबईपेक्षा सात टक्क्यांनी लहान आहेत.

मीटरला हे आपोआप कळत नाही. सेन्सरकडून त्याला फक्त विजेचा किंवा प्रकाशाचा संकेत मिळतो. त्या संकेताची किंमत किती, हे आपण ठरवून द्यायचं, आणि यालाच कॅलिब्रेशन म्हणतात. तराजूत पासंग असला की तो प्रत्येक मापात उतरतो, तसंच इथे होतं. २५ अंशांना ७.७च्या जागी ८.२६ धरलं, तर त्या दिवशीची प्रत्येक नोंद सात टक्क्यांनी फुगते. नदीत स्नानासाठी पाण्यात लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम प्राणवायू हवा, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. पाण्यात खरोखर ४.७ असेल, तर फुगलेला मीटर ५.०४ दाखवील आणि नापास पाणी पास होईल. २०२७च्या सिंहस्थात याच घाटांवर लाखो लोक बुडी मारणार आहेत, म्हणून मला हा फरक किरकोळ वाटत नाही.

गंमत म्हणजे पाण्यासाठीचा हा सेन्सर बहुतेक वेळा हवेतच कॅलिब्रेट करतात. सेन्सर मिलिग्रॅम मोजत नाही, त्याला जाणवतो तो प्राणवायूचा दाब. हवेशी समतोल साधलेल्या पाण्यात हा दाब बाष्पाने भरलेल्या हवेतल्या इतकाच असतो. म्हणून टोपणात ओला स्पंज ठेवायचा, सेन्सर आत सरकवायचा, दहा-पंधरा मिनिटं सावलीत थांबायचं आणि तिथला संकेत शंभर टक्के धरायचा. टोपण घट्ट आवळायचं नाही, नाहीतर आतला दाब बाहेरच्यापेक्षा वेगळा होतो. सेन्सरच्या तोंडावर पाण्याचा थेंब राहू द्यायचा नाही. दुचाकीच्या डिकीत तापलेला मीटर तर लगेच कॅलिब्रेट करूच नये. तापमानाचा आकडा स्थिर होईपर्यंतचा हा धीर हीच या कामातली खरी मेहनत आहे, असं मला वाटतं.

मीटरमध्ये स्वतःचा दाबमापक असेल तर प्रश्नच मिटतो, कारण तो जागेवरचा खरा दाब वाचतो. नसेल, तर ॲपमधल्या आकड्यातून नाशिकसाठी साधारण ७० वजा करावेत. त्र्यंबकेश्वर आणखी उंच असल्याने तिथे त्याहून थोडे जास्त.

सेन्सरचे प्रकार मुख्यतः दोन. लेलँड क्लार्क यांनी १९५६च्या सुमारास मांडलेल्या विद्युत-सेन्सरमध्ये पातळ पडद्यातून आत झिरपणारा प्राणवायू खर्च होतो आणि तेवढी वीज वाहते. संथ पाण्यात पडद्यालगतचा प्राणवायू संपत जातो, म्हणून हा सेन्सर हलता ठेवावा लागतो. प्रकाशीय सेन्सरमध्ये एका रंगद्रव्यावर निळा प्रकाश टाकतात. ते चमकतं, आणि आसपास प्राणवायू जितका जास्त तितकी ती चमक लवकर विझते. यात प्राणवायू खर्च होत नाही. शून्याची बाजू तपासायला सोडियम सल्फाइटचं द्रावण वापरतात, ते पाण्यातला सगळा प्राणवायू शोषून घेतं. मीटरवर शंका आली, तर १८८८मध्ये हंगेरीच्या लायोश विंकलर यांनी दिलेली पद्धत आहेच: बाटलीत मँगनीज आणि आयोडाइड टाकून प्राणवायू जागच्या जागी बांधायचा, मग प्रयोगशाळेत स्टार्चचा निळा रंग जाईपर्यंत थायोसल्फेट थेंबथेंब सोडायचं.

नोंदीची वेळही लिहून ठेवावी. सोमेश्वरच्या धबधब्याखाली कोसळणारं पाणी हवा ओढून घेतं. जिथे प्रवाह संथ आणि शेवाळ दाट, तिथे दुपारी उन्हात संपृक्ततेचा आकडा शंभर टक्क्यांच्या वर जातो आणि पहाटे तळ गाठतो, कारण रात्रभर सगळेच फक्त श्वास घेत असतात. माशांचा जीव जातो तो बहुधा पहाटे, म्हणून मीटरही तेव्हाच घाटावर हवा.

परतल्यावर सेन्सर पुन्हा त्याच ओल्या टोपणात ठेवून बघावा. शंभराच्या जवळ आला तर ठीक. ९३ दाखवत असेल, तर त्या सकाळच्या सगळ्या आकड्यांसमोर वहीत तसा शेरा मारावा आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा जावं.