क्राय टेरर (१९५८) : चित्रपटातील अभिनय

‘क्राय टेरर’ हा एमजीएम या हॉलिवूडच्या चित्रपट कंपनीने १९५८ साली प्रदर्शित केलेला कृष्णधवल अमेरिकी गुन्हेपट. विमानात बॉम्ब पेरण्याची दहशत घालून विमान कंपनीकडून ५ लाख डॉलरची खंडणी उकळू पाहणारी टोळी आणि तिच्या तावडीत सापडलेले न्यूयॉर्कचे एक कुटुंब, अशी कथा. लेखन-दिग्दर्शन अँड्र्यू स्टोन यांचे, तर संकलन त्यांच्या पत्नी व्हर्जिनिया स्टोन यांचे. कथेतले योगायोग जरा जास्तच ताणलेले आहेत. तरीही चित्रपट आज बघवतो, तो नटांमुळे.

रॉड स्टायगर यांनी टोळीचा म्होरक्या पॉल हॉप्लिन रंगवला आहे. स्टायगर हे ‘मेथड’ पद्धतीच्या, म्हणजे पात्राच्या भावना स्वतः अनुभवून केलेल्या अभिनयात मुरलेले, भावना उसळून दाखवणारे नट. इथे मात्र त्यांनी स्वतःला आवरून धरले आहे. हॉप्लिन आरडाओरडा करत नाही, हिशेब समजावून सांगावा तसा बोलतो. माणसांचे जीव त्याच्या लेखी वेळापत्रकातल्या नोंदी आहेत, आणि ते त्याच्या सुरातूनच कळते.

पण चित्रपट खऱ्या अर्थाने पेलला आहे तो ओलीस धरलेल्या कुटुंबातली पत्नी जोन रंगवणाऱ्या इंगर स्टीव्हन्स यांनी. नवरा आणि लहान मुलगी ओलीस आहेत, खंडणीची रक्कम आणून ठरल्या वेळेच्या आत परतायचे आहे, आणि समोर शहराची वाहतूक तुंबलेली. गाडी चालवणाऱ्या या जोनच्या मनातले बोल आपल्याला निवेदनातून ऐकू येतात. अशा निवेदनाने नटाचे काम हलके होते, असा समज आहे. स्टीव्हन्स यांच्याबाबत उलटे घडते. शब्द धीर धरायला सांगतात आणि चेहरा तो धीर सुटत चालल्याचे दाखवतो. पुढे तिला टोळीतल्या स्टीव्हच्या पहाऱ्यात एकटे राहावे लागते. बेन्झेड्रिन या उत्तेजक औषधाच्या गोळ्यांवर जगणारा हा गुंड नेव्हिल ब्रँड यांनी असा काही उभा केला आहे, की तो नुसता खोलीत वावरला तरी अंगावर काटा येतो. काचेच्या तुकड्याने त्याला मारल्यावर जोनच्या चेहऱ्यावर विजयाची खूणही दिसत नाही. हा संयम लाखमोलाचा.

स्टोन दाम्पत्याचा कटाक्ष सेटऐवजी प्रत्यक्ष जागी चित्रण करण्यावर असे. त्याची किंमत कलावंतांनीही मोजली. बोगद्यातल्या चित्रीकरणात कार्बन मोनॉक्साइडची बाधा झालेल्यांत स्टीव्हन्सही होत्या. पडद्यावरची धाप आणि थकवा पाहताना ही गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही.

अँजी डिकिन्सन आणि जॅक क्लगमन यांना टोळीतल्या दुय्यम भूमिका आहेत. डिकिन्सन यांची थंड नजर लक्षात राहते, क्लगमन यांच्या वाट्याला फारसे काही आलेले नाही.

जेम्स मेसन यांची निवड पहिल्यांदा खटकते. रुबाबदार, खानदानी आवाजाच्या या इंग्रज नटाकडे जोनचा नवरा जिम मोल्नर हा विद्युत उपकरणांचा साधा कारागीर दिला आहे. बॉम्बचे यंत्र त्याच्याच हातचे, पण ते कशासाठी वापरले जाणार याची त्याला कल्पना नव्हती. बातम्या पाहताना आपलीच करणी ओळखून तो हादरतो. तिथून पुढे मेसन बराच काळ गप्प, हतबल बसून असतात, आणि त्यांचा तो मऊ आवाज तिथे वायाच जातो. भरपाई होते ती लिफ्टच्या विहिरीच्या प्रसंगात. उंच इमारतीच्या त्या पोकळीतून जिम सुटकेसाठी खाली उतरतो. आधार चाचपणारे हात, खाली जाऊन परत वर येणारी नजर, आणि संवाद जवळजवळ नाहीच.