बाळंतिणीच्या मागचे हात: सातारा-सांगलीकडची पार्श्वभूमी

"आमच्या वेळी कुठं होते असले बाळाला पाजायचे क्लास, तरी पोरं वाढलीच की" हे आपल्याकडं घरोघरी ऐकायला मिळतं. क्लास नव्हते हे खरंय, पण माणसं होती ना. पहिलं बाळंतपण माहेरी, सव्वा महिना उंबऱ्याबाहेर पाऊल नाही, न्हाऊ घालायला सुईण नाहीतर गल्लीतली जाणती बाई, आई अळिवाची खीर, डिंकाचा लाडू पुढ्यात आणून ठेवणार, आणि बाळ नीट ओढत नसेल तर ती न्हाऊ घालणारीच त्याची मान धरून छातीला लावून देणार. पोरीला काम एकच, पाजायचं. जावळी-पाटणकडचे गडी मुंबईला गिरणीत नाहीतर माथाडीत, गावाकडची घरं बायकाच चालवायच्या, त्यामुळं हे सगळं त्यांच्यात त्यांच्यातच निभायचं.

उगाच गोडवे गायला नकोत पण. ह्याच जाणत्या बायका पहिलं पिवळं घट्ट दूध पिळून टाकायला लावायच्या आणि बाळाला मध नाहीतर गुळाचं पाणी चाटवायच्या. (म्हशीच्या चिकाचा खरवस मात्र आळीभर वाटायचा, माणसाचा चीक तेवढा वाईट!)

मग डिलिव्हरी हळूहळू दवाखान्यात गेली, त्यानं बायकांचे जीव वाचले यात वादच नाही. पण त्या काळात जगभरच बाळ वेगळ्या खोलीत ठेवायचं, घड्याळ बघून पाजायचं अशी पद्धत होती, आणि जोडीला डब्याच्या दुधाचा प्रचार. दूध बाळाच्या ओढण्यावर तयार होतं, वरचं पाजलं की बाळ कमी ओढतं, आणि कमी ओढलं की दूध आटतं, मग "मला दूध पुरत नाही" हे आपोआप खरं ठरतं. अमेरिकेत तर हे इतकं झालं की १९५६ मध्ये शिकागोजवळ सात आयांनी मिळून ला लेचे लीग काढली, एकमेकींच्या घरी जमायचं आणि पाजायचं कसं ते अनुभवी बाईनं नवीला दाखवायचं. म्हणजे जे आपल्या गल्लीत फुकट होतं ते तिकडं संस्था काढून परत उभं करावं लागलं, आणि आपण तेव्हा ते सोडायच्या मार्गावर होतो.

ह्या डब्याच्या दुधाच्या प्रचारावरून १९७७ ला नेस्लेवर बहिष्कार, १९८१ ला जागतिक आरोग्य संघटनेची आचारसंहिता, मग आपल्याकडं १९९२ चा कायदा: डब्याच्या दुधाची आणि बाटलीची जाहिरात बंद, फुकट सॅम्पल बंद, डब्यावर बाळाचा फोटो बंद. ह्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. आशियातली पहिली दूधपेढी (आयांनी दान केलेलं दूध साठवून गरजू बाळांना देणारी) १९८९ ला मुंबईच्या सायन हॉस्पिटलात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली, आणि स्तनपानासाठी देशभर काम करणारी बीपीएनआय ही संस्था १९९१ ला वर्ध्यात स्थापन झाली.

कायद्यानं कंपन्यांना चाप लावला, पण रात्री दोन वाजता रडणारं बाळ छातीला लावून द्यायला कायदा येत नाही. ती जबाबदारी आता आशाताईंवर पडलीय. दवाखान्यात डिलिव्हरी झाली की तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्यांनी घरी जायचं असतं, म्हणजे साधारण तोच जुना सव्वा महिना, फक्त तेव्हा माणूस घरातच असायचं आणि आता भेटीपुरतं येतं. दूध भरून येतं आणि छाती दगडासारखी होऊन बाळाला नीट धरता येत नाही ते साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, सिझर असेल तर अजून उशिरा, त्यामुळं तिसऱ्या दिवसाची ती एक भेट चुकली की बाटली घरात आलीच समजा.

एसटी स्टँडवर बाळाला पाजायला हिरकणी कक्ष झाले, रायगडाचा कडा उतरून बाळाकडं गेलेल्या गवळणीचं नाव त्याला दिलं, नाव झकास आहे, कुलूप उघडं मिळालं तर अजून झकास. पण विटा-आटपाडीकडची गलाईवाल्यांची (सोनं-चांदी गाळणाऱ्यांची) सून नवऱ्याबरोबर कुठल्या कुठं परराज्यात राहते, तिच्याजवळ ना माहेर ना मराठी बोलणारी शेजारीण, फोनवरूनच आईला विचारत बसते. आणि हंगामात बीडकडून आपल्याकडं उसाला येणाऱ्या बाईचं काय, तिचं तान्हं फडाच्या कडेला झोळीत, नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरायचा, मोळ्या वाहून गाडी भरायची, मध्ये थांबली तर मुकादमाची बोलणी. कायद्यात बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत पाजायला रोज कामातनं दोनदा मधली सुट्टी आहे, पण ती नोकरीवाल्या बाईला. फडात ती सुट्टी कुणाकडं मागायची, मुकादमाकडं का कारखान्याकडं?