पाठपुरावा दिसायला हवा: मुंबईतल्या ‘आपल्या माणसा’ची पार्श्वभूमी

पाट्यांवर ‘आपला माणूस’ म्हणवून घेणाऱ्या मुंबई महानगरपालिकेच्या नगरसेवकाला स्वतःच्या सहीने गल्लीतला एक पेव्हर ब्लॉकही बदलता येत नाही. १८८८च्या अधिनियमाने अंमलबजावणीचे अधिकार आयुक्तांकडे दिले आणि ते आजही तिथेच आहेत. नगरसेवक पत्र देतो, वॉर्ड ऑफिसात खेटे घालतो, सभागृहात बोलतो. ‘यांच्या प्रयत्नाने’, ‘यांच्या अथक पाठपुराव्यामुळे’ ही पाट्यांवरची भाषा या अडचणीतून आली. काम पालिकेचं, पैसा करदात्याचा. उमेदवाराचा स्वतःचा म्हणावा तो फक्त पाठपुरावा, आणि तो दाखवल्याशिवाय कुणाला दिसत नाही.

पालिकेचे सुरुवातीच्या काळातले नेते फिरोजशहा मेहता यांना ही यातायात करावी लागली नाही. तेव्हा मतदार म्हणजे कर भरणारे मूठभर, त्यांच्यापुढे कायद्याचं ज्ञान आणि फर्डं इंग्रजी पुरे होतं. १९४८मध्ये प्रौढ मताधिकारावर निवडणूक झाली आणि चाळीतला भाडेकरू मतदार झाला. त्याला विचारायचं होतं ते नळाबद्दल.

मृणाल गोरे १९६१मध्ये गोरेगावातून पालिकेत गेल्या आणि पाण्याच्या प्रश्नावर बायकांना रस्त्यावर आणलं. ‘पाणीवाली बाई’ हे नाव आधी लोकांच्या तोंडी आलं, पत्रकावर मागाहून. १९७७च्या लोकसभेला ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’ ही घोषणा (दिल्लीवाली म्हणजे इंदिरा गांधी) चालली, कारण घोषणेमागे खरोखरचे नळ होते. त्याआधी १९६७मध्ये दक्षिण मुंबईत जॉर्ज फर्नांडिस यांनी वेगळा डाव टाकला होता. समोर माजी महापौर आणि केंद्रीय मंत्री स. का. पाटील. ‘पाटलांना तुम्ही पाडू शकता’ हा प्रचाराचा गाभा. कर्तबगारी उमेदवाराची नाही, मतदाराची. आणि पाटील पडले.

साचा मात्र पक्का झाला शाखेत. १९६६मध्ये स्थापन झालेल्या शिवसेनेने १९६८च्या पालिका निवडणुकीत ४२ जागा घेतल्या. नाक्यावरची खोली, बाहेर फळा, आत टेबल: रेशन कार्ड, शाळेचा प्रवेश, रक्ताची बाटली, भाडेकरूचं भांडण. संध्याकाळी माणूस हमखास भेटतो, एवढ्यावर ‘आपला’ हा शब्द उभा राहिला. पुढे इतर पक्षांची ‘जनसंपर्क कार्यालयं’ त्याच वळणावर गेली.

भिंती रंगवायच्या काळात पेंटर अक्षरावर पैसे घ्यायचा, म्हणून नाव, निशाणी आणि एखादी ओळ, संपलं. फ्लेक्सने हा आवर घालवला. वर वरिष्ठांची रांग, मध्ये हात जोडलेला ‘भावी’ कुणीतरी, खाली शुभेच्छुकांचे पासपोर्ट साइझ चेहरे. सिग्नलला थांबलेल्या माणसाला उमेदवाराचं नावही वाचता येत नाही. चेहरे कमी करा म्हटलं तर कोण ऐकणार? फ्लेक्सचा खर्च बहुतेकदा त्या शुभेच्छुकांनीच उचललेला असतो.

वाढदिवसाच्या फ्लेक्सचा सुकाळ अर्ज भरण्याआधी का, याचं उत्तर हिशेबात आहे. विधानसभेला उमेदवाराची खर्चमर्यादा ४० लाख रुपये, पण खर्च मोजला जातो तो अर्ज दाखल केल्यापासून निकालापर्यंत. वह्यावाटप, आरोग्य शिबिर, हळदीकुंकू, कोकणात गणपतीला जाणाऱ्या बस, हे सगळं त्याआधी उरकलेलं असतं. अर्ज भरल्यावर पत्रकावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव-पत्ता हवा. ते विसरलं की विरोधक तक्रार घेऊन तयारच.

पाच वर्षं वॉर्ड राखलेल्या माणसाला खरा फटका बसतो तो वॉर्डांच्या आरक्षणाच्या सोडतीत. २०११मध्ये स्थानिक संस्थांत महिलांना ५० टक्के आरक्षण आलं. वॉर्ड महिलांसाठी निघाला की पत्नी, वहिनी किंवा आई उमेदवार होते आणि फ्लेक्सवर दोन चेहरे येतात, बहुधा त्याचा मोठा. स्वतः काम करणाऱ्या नगरसेविकेला या फ्लेक्सचं नुकसान सर्वांत जास्त होतं. तिच्या पत्राचं श्रेयही ‘साहेबां’च्या खात्यात जातं.

७ मार्च २०२२ला पालिकेची मुदत संपली, कारभार प्रशासकाकडे गेला. बोलायला सभागृहच उरलं नाही, कार्यालयं मात्र उघडी राहिली. पाट्यांवर ‘माजी’ हा शब्द आला, बारीक अक्षरात.