सकाळच्या दोन सेकंदांची खडखड : टायमिंग चेन झिजते कशी आणि बदलायची कशी

जुनी डिझेल गाडी सकाळी पहिल्यांदा चालू केली की बोनेटखालून एक-दोन सेकंद खडखड येते आणि मग एकदम थांबते. बहुतेक जण "डिझेल आहे, आवाज करणारच" म्हणून सोडून देतात. पण डिझेलची नेहमीची टकटक इंजिन गरम होईपर्यंत चालूच असते, ही खडखड तशी नाही, ही ऑइलचं प्रेशर तयार झालं की जाते. हा बऱ्याचदा टायमिंग चेनचा आवाज असतो आणि तो ऐकून सोडून देऊ नका असं मी अगदी कळकळीनं सांगेन, कारण या टप्प्यावर काम चेनपुरतं असतं, उशीर झाला तर हेड, म्हणजे इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग, उतरवावं लागतं.

उदाहरण म्हणून १.३ लिटरचं मल्टिजेट डिझेल घेऊ, कारण आपल्याकडे सेकंड हँड बाजारात ते अजूनही भरपूर दिसतं. १२४८ सीसी, चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह. फियाटचं हे इंजिन २००३ मध्ये पोलंडला बनायला लागलं, नंतर भारतात मारुतीनं मानेसरला आणि फियाटनं आपल्या पुण्याजवळ रांजणगावला बनवलं, आणि स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, इंडिका व्हिस्टा, मांझा, पुंटो, लिनिया अशा कितीतरी गाड्यांत ते बसलं. २०२० मध्ये बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम आले तेव्हा मारुतीनं ते बंद केलं. म्हणजे आज रस्त्यावर असलेलं यातलं प्रत्येक इंजिन जुनंच आहे, आणि त्यात बेल्ट नाही, चेन आहे.

आता ही चेन करते काय? खाली क्रँकशाफ्ट फिरतो, त्यामुळे पिस्टन वरखाली होतात. वर कॅमशाफ्ट फिरतो, तो व्हॉल्व्ह उघडतो. फोर स्ट्रोक इंजिनात क्रँक दोनदा फिरला की कॅम बरोब्बर एकदा फिरला पाहिजे, आणि तोही ठरलेल्या क्षणी. २००० आरपीएमला प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला साधारण १७ वेळा उघडतो आणि मिटतो. डिझेलमध्ये हवा खूप दाबायची असते म्हणून पिस्टन अगदी वरपर्यंत येतो, तिथे व्हॉल्व्ह उघडा राहायला जागाच नसते. टायमिंग बरंच हललं तर पिस्टन येऊन व्हॉल्व्हवर आदळतो, मग रॉकर तुटतात, व्हॉल्व्ह वाकतात, कधी पिस्टनलाही खड्डा पडतो.

गॅरेजमध्ये "चेन ताणलीय" म्हणतात, पण लोखंडी पट्ट्या काही ओढून लांब होत नाहीत. प्रत्येक सांध्यात एक पिन असते, ती तिच्या भोकात प्रत्येक वळणावर थोडीशी फिरते आणि दोन्ही घासतात. सायकलची चेन लांबते तीही अशीच. हिशोब करून बघा, गोल आकडे घेऊ, कुठल्या एका गाडीची मापं नव्हेत. क्रँकच्या स्प्रॉकेटला (चेन बसते त्या दातेरी चाकाला) २० दाते, कॅमच्या ४०, चेनला १२० कड्या आणि दोन पिनांमध्ये ८ मिलिमीटर अंतर. गाडी दीड लाख किलोमीटर चालली, सरासरी वेग ताशी ४० आणि इंजिन २००० आरपीएमला, तर क्रँक ४५ कोटी वेळा फिरला. चेनची एक फेरी व्हायला क्रँकचे सहा फेरे लागतात, म्हणजे चेन साडेसात कोटी वेळा फिरली आणि प्रत्येक सांधा फेरीत किमान चार वेळा वळला, दोन्ही स्प्रॉकेटवर चढताना आणि उतरताना. एकेक सांधा ३० कोटी वेळा वळलाय! एवढ्यात तो फक्त ०.०५ मिलिमीटर झिजला असं धरा. क्रँक आणि कॅमच्या मध्ये ओढ असलेल्या बाजूला ४५ कड्या असतात, त्यांची झीज जमून सव्वादोन मिलिमीटर होते आणि तेवढ्यानं कॅम अडीच अंश मागे पडतो, क्रँकच्या मापात पाच अंश. इंजिन चालू राहतं, पण व्हॉल्व्ह सगळे उशिरा उघडतात, पिकअप मंदावतो, अॅव्हरेज थोडं पडतं आणि हे इतकं हळूहळू होतं की रोज चालवणाऱ्याला जाणवत नाही. क्रँक आणि कॅमचे सेन्सर असलेल्या गाड्यांत ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) दोघांची तुलना करतो आणि फरक जास्त झाला की पी००१६ सारखा कोड टाकतो. चेन एक दाता उडाली तर मात्र एका झटक्यात क्रँकचे १८ अंश जातात.

सैल झालेली चेन ताणून धरायला टेन्शनर असतो, आणि मला या सगळ्यातला हा सर्वात हुशार पार्ट वाटतो. आत छोटी स्प्रिंग, मागून इंजिन ऑइलचं प्रेशर, पुढे दांडा, तो दांडा प्लास्टिकच्या गाईडला ढकलतो आणि गाईड चेनला. रात्रभर गाडी उभी राहिली की टेन्शनरमधलं ऑइल हळूहळू उतरतं, सकाळी प्रेशर येईपर्यंत दांडा ढिला असतो, चेन झिजून लांब झालेली असेल तर तेवढ्या वेळात ती गाईडवर आणि कव्हरवर आपटते. ती सकाळची खडखड हीच. सेकंड हँड गाडी बघायला जाल तेव्हा आधी बोनेटवर हात ठेवून बघा, गरम असेल तर विकणाऱ्यानं गाडी आधीच चालू करून ठेवलीय आणि तुम्हाला हवा तो आवाज ऐकायला मिळणार नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा.

झीज कमी-जास्त होते ती मुख्यतः ऑइलवर. डिझेलच्या ज्वलनातून काजळी ऑइलमध्ये उतरते, तिचे बारीक कण पिन आणि भोकाच्या मध्ये जाऊन घासतात, ऑइल लांबवलं की काजळी वाढत जाते आणि लेव्हल कमी असेल तर टेन्शनरलाही नीट प्रेशर मिळत नाही. डायरेक्ट इंजेक्शनवाल्या नव्या पेट्रोल इंजिनांतही हेच दिसायला लागलं, म्हणून २०२० मध्ये आलेल्या एपीआय एसपी या ऑइलच्या दर्जात चेन किती झिजते याची वेगळी चाचणीच घातली गेली. शहरात ट्रॅफिकमध्ये तासन् तास आयडलिंग करणारी गाडी किलोमीटर कमी दाखवते पण क्रँकचे फेरे तर होतातच, त्यामुळे अशा गाडीचं ऑइल नुसतं मीटर बघून बदलू नका.

आता प्रत्यक्ष काम. फक्त चेन बदलून द्या म्हणणारं गिऱ्हाईक पैसे वाचवत नाही. जुन्या स्प्रॉकेटचे दाते लांबलेल्या चेनप्रमाणे घासलेले असतात, त्यांच्यावर नवीन चेन टाकली तर ती लवकर झिजते. गाईडचं प्लास्टिक उष्णतेनं कडक होऊन तडकतं, तुकडे खाली ऑइलच्या चेंबरमध्ये पडून ऑइलच्या जाळीत अडकतात. म्हणून चेन, स्प्रॉकेट, गाईड, टेन्शनर, पुढचं ऑइल सील असा पूर्ण किट घ्यावा. पार्टपेक्षा मजुरी जास्त असते या कामात, तीच मजुरी दोनदा कशाला द्यायची.

इंजिन आडवं बसवलेलं असल्यानं जागा फार कमी असते. ऑइल काढायचं, इंजिनाला खालून जॅकचा आधार देऊन त्या बाजूचं माउंटिंग सोडायचं, फॅन बेल्ट आणि क्रँक पुली काढायची, मल्टिजेटमध्ये टायमिंग कव्हरमध्येच ऑइल पंप असतो त्यामुळे कव्हर जपून हाताळायचं. पण पुलीचा बोल्ट सोडायच्या आधी क्रँक आणि कॅम दोन्ही लॉक करायचे, त्यासाठी या इंजिनाच्या खास लॉकिंग पिना मिळतात. पेनानं खुणा करून काम उरकणारे बरेच असतात, मी तरी अशा ठिकाणी गाडी देणार नाही, कारण काही इंजिनांत क्रँकच्या स्प्रॉकेटला चावी (त्याला शाफ्टवर अडकवून ठेवणारी लोखंडी खुंटी) नसते, नुसत्या बोल्टच्या दाबानं ते जागेवर राहतं आणि बोल्ट सुटला की टायमिंग गेलं.

नवीन टेन्शनर दाबून पिन लावलेल्या अवस्थेत येतो, चेन बसल्यावरच ती पिन ओढायची. अँगलनं, म्हणजे ठरावीक अंश फिरवून, आवळायचे बोल्ट एकदा ताणले गेले की परत वापरायचे नाहीत. मग सर्वात महत्त्वाचं, लॉकिंग पिना काढायच्या आणि पान्यानं क्रँक हातानं, नेहमीच्या दिशेनं, पूर्ण दोन फेरे फिरवायचा. कुठे अडकलं तर जोर नाही लावायचा, थांबायचं. अडकलं नाही तर पिना पुन्हा घालून बघायच्या, सहज गेल्या तर टायमिंग बरोबर. काही चेनना रंगीत कड्या असतात, त्या दोन फेऱ्यांनंतर खुणांवर दिसत नाहीत म्हणून लोक घाबरतात, पण आपल्या हिशोबातल्या चेनलाच एक फेरी पूर्ण करायला क्रँकचे सहा फेरे लागले होते, त्यामुळे दोन फेऱ्यांत त्या कड्या परत खुणेवर येणारच नाहीत.

कव्हरचं सीलंट पूर्ण वाळू द्यायचं, नवीन ऑइल आणि फिल्टर टाकायचा, आणि पहिल्यांदा इंधन बंद ठेवून थोडा वेळ नुसता स्टार्टर फिरवायचा म्हणजे टेन्शनरपर्यंत ऑइल पोचतं. त्यानंतर इंजिन चालू केल्यावर क्षणभर खडखड आली तर ठीक, पण दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनावर ती परत आली तर टेन्शनर किंवा ऑइल प्रेशर तपासायला लावायचं. आणि गॅरेजवाल्याकडून जुनी चेन मागून घ्या, नव्या चेनशेजारी एकाच खिळ्याला लटकवा, वरच्या हिशोबातली १२० कड्यांची चेन एकूण ६ मिलिमीटर लांबलेली असेल, पण ती गोल असल्यानं खिळ्यावर दुहेरी लटकते, त्यामुळे हा फरक ३ मिलिमीटर भरेल, म्हणजे साध्या पट्टीनंही मोजता येतो.