जुने फोटो, युनियनची मिनिट बुकं स्कॅन करायला यूसीएलएची ग्रँट: फॉर्मआधी एफसीआरए बघा

बंद पडलेल्या फोटो स्टुडिओच्या निगेटिव्ह, कामगार युनियनची मिनिट बुकं, तालुक्याच्या साप्ताहिकाच्या फायली असलं काही वाळवीच्या तोंडी चाललं असेल तर मीपला अर्ज करता येतो. मीप म्हणजे मॉडर्न एन्डेंजर्ड आर्काइव्ह्ज प्रोग्राम, लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाची लायब्ररी २०१८ पासून चालवते, पैसा आर्केडिया या धर्मादाय निधीचा.

साहित्य विसाव्या-एकविसाव्या शतकातलं पाहिजे, पेशवाईतलं मोडी दप्तर इथे चालायचं नाही. ओरिजिनल देशाबाहेर जात नाही, फक्त स्कॅन जातात, पण ते जगात कुणालाही फुकट बघता येतील असे ऑनलाइन टाकतात, त्यामुळे मालकाची लेखी परवानगी आधीच घ्या, वारस चार असतील तर चौघांची, नाहीतर सगळं काम झाल्यावर धाकट्याला आठवतं की पेटी आपलीपण होती.

साहित्य कुठे किती आहे, काय हालतीत आहे हे बघायला प्लॅनिंग ग्रँट, १५,००० डॉलरपर्यंत. प्रत्यक्ष स्कॅनिंगला प्रोजेक्ट ग्रँट, ५०,००० पर्यंत. आधी छोटा प्राथमिक अर्ज, तो पसंत पडला तरच मोठा, त्यात बजेट, वेळापत्रक वगैरे.

इथपर्यंत सोपंय. खरी गोची आपल्याकडे आहे. परदेशी पैसा घ्यायचा तर संस्थेला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची केंद्र सरकारची मंजुरी लागते, आणि रजिस्ट्रेशनसाठी (फॉर्म एफसी-३ए) संस्था ३ वर्षं जुनी हवी, त्या ३ वर्षांत मूळ कामावर १५ लाख खर्च झालेला हवा. गावातल्या वाचनालयाला कुठून जमणार? मग प्रायर परमिशन म्हणजे पूर्वपरवानगी (फॉर्म एफसी-३बी), जी त्या एकाच देणगीदारापुरती आणि कामापुरती असते, त्याला देणगीदाराचं रक्कम लिहिलेलं कमिटमेंट लेटर जोडावं लागतं. शिवाय नोंदणी प्रमाणपत्र, संस्थेची घटना, दर्पण आयडी (नीती आयोगाच्या एनजीओ पोर्टलवरचा नंबर), पदाधिकाऱ्यांची आधार कार्डं. खातं मात्र दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मेन ब्रँचलाच, तुमच्या शेजारच्या शाखेत नाही.

पुण्या-मुंबईच्या एफसीआरएवाल्या संस्थेच्या नावावर पैसे घेऊन आपल्याकडे वळवू असं कोणी सुचवलं तर नाही म्हणा. २०२० पासून परदेशी देणगी पुढे दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. त्या संस्थेनेच अर्जदार व्हायचं, स्कॅनिंगही तिनेच तुमच्या गावात येऊन करायचं, असं ठरलं तर चालतं. अर्ज वर्षभर घेत नाहीत, म्हणून अर्ज घेणं चालू आहे का ते मीपच्या साइटवर बघून मगच मालकांकडे सह्यांना जा.